घरात वाजवता येईल असं काहीतरी

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. पंचवीस वर्षं झाली होती. डॉक्टर पुढे माणसांच्या तोंडात बघत आणि मागे तिच्याकडे त्या तोंडांचे प्लास्टरचे साचे येत. साच्यावर मेण लावायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी प्लास्टिक शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं. शहरातले कितीतरी म्हातारे तिने बसवलेल्या दातांनी हसत होते, पण समोरून आले तरी ती त्यांना ओळखायची नाही. "तोंड मिटून चालतात हो, ओळखणार कशी?" असं ती म्हणायची, आणि दवाखान्यातले सगळे, जे तिला ताई म्हणत, दर वेळी नव्याने हसायचे.

एके दिवशी डॉक्टर स्वतः मागे आले.

"ताई, एका पेशंटला तीनदा कवळी बदलून दिली. जेवताना बसते म्हणतो, बोलताना बसते. फुंकताना सुटते म्हणतो."

"काय फुंकताना?"

"ते तुम्हीच विचारा. माझी तर मती गुंग झालीये."

पेशंट म्हणजे अग्निशमन दलाच्या बँडचे निवृत्त मास्तर. उंच, सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री. वरचे सगळे दात गेलेले, त्यामुळे ओठ आत बसलेला. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली पितळी वाटीसारखी वस्तू काढून तिच्या टेबलावर ठेवली. वाद्याचं तोंड ते, माउथपीस.

"हे ओठांवर टेकवलं की कवळी मागून उचलते," ते म्हणाले. "कॉर्नेट वाजवतो मी, ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड. वाजवायचो. दोन वर्षं झाली, हात लावलेला नाही. जेवणखाण काय, हिरड्यांनीही होतं हो. हे होत नाही."

तिने माउथपीस उचललं. गार होतं आणि अंगठ्याखाली त्याची कड गुळगुळीत झिजलेली होती. ती जरा जास्तच वेळ ते हातात धरून राहिली. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं.

"तुमच्या स्वतःच्या दातांचा फोटो आहे का?" तिने विचारलं. "म्हणजे हसतानाचा?"

मास्तर दुसऱ्या दिवशी फोटोंची पिशवीच घेऊन आले. सगळ्या फोटोंत ते वाजवत होते, म्हणजे दात झाकलेले. शेवटी एक सापडला. तरुण मास्तर एका बाईशेजारी बागेतल्या बाकावर बसलेले, आणि ती काहीतरी बोलली असणार, कारण ते तोंड उघडून हसत होते.

"ही आमची मंडळी," मास्तर म्हणाले. "गेली त्याला सहा वर्षं झाली."

फोटोत पुढच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट होती आणि डावा दात किंचित आत वळलेला. आधी तिनेच नुसत्या साच्यावरून बनवलेल्या तिन्ही कवळ्यांत दात सरळ रेषेत होते, सिनेमातल्या नटासारखे. तिने भिंग लावून फोटो पाहिला, मेणात फट ठेवली, डावा दात तसाच आत वळवला, मागची कड थोडी लांब केली. मास्तर रोज संध्याकाळी येऊन मेणाची कवळी तोंडात घालून माउथपीस टेकवून बघायचे. अकराव्या दिवशी कवळी पक्की झाली. त्या दिवशी ते कॉर्नेट घेऊन आले.

त्यांनी सुरुवातीला नुसती हवा फुंकली. मग एक खालचा सूर धरला. हळू, गोल, दुधावरच्या सायीसारखा जाड. खोलीतल्या काचेच्या बरण्या किंचित थरथरल्या. तिने पॉलिशचं यंत्र बंद केलं होतं, तरी पुन्हा एकदा बटणाकडे हात गेला, आणखी शांत व्हावं म्हणून.

"आलं," मास्तर म्हणाले. पाठ वळवून ते बराच वेळ खिडकीकडे बघत रुमालाने वाद्य पुसत राहिले. वाद्य स्वच्छच होतं.

तेव्हा तिने विचारलं. इतकी वर्षं कुणालाच विचारलं नव्हतं, त्यामुळे आवाज जरा चिरकाच निघाला.

"मास्तर, या वयात कुणी शिकू शकतं का हो? म्हणजे घरात वाजवता येईल असं काहीतरी. कुणाला त्रास न होता."

"कुणी म्हणजे?"

"म्हणजे मीच."

आणि मग तिने सांगितलं. ती बारा वर्षांची असताना मोठा भाऊ शाळेच्या बँडमध्ये होता. शाळेने दिलेलं कॉर्नेट घरी यायचं आणि कपाटावर पडून राहायचं, कारण दादाला त्यापेक्षा चेंडू बरा वाटायचा. बँडमध्ये मुलींना घेत नसत. मुली पुढे झेंडा धरून चालत. एका सुट्टीत, दुपारी सगळे झोपले की ती ते वाद्य घेऊन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जायची. तीन आठवड्यांत पाच सूर जमले. पाच सुरांची एक चालही तिने स्वतःच जुळवली. मग दादाने बँड सोडला आणि वाद्य शाळेत परत करायचं काम तिच्यावर आलं. सरांनी वाद्यावरच्या कळा, म्हणजे पिस्टन, दाबून बघितले, म्हणाले, "वा, कुणी ठेवलंय इतकं छान?" ती म्हणाली, "दादाने."

मास्तर हसले नाहीत. "घर कसं आहे?" त्यांनी विचारलं, डॉक्टर कुठे दुखतं विचारतात तसं.

घर म्हणजे भावाचं घर. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं आणि मग राहूनच गेलं, तेव्हापासून ती दादा-वहिनींकडेच होती. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. स्वयंपाकघराला लागून तिची, पलंग आणि एक खुर्ची मावेल एवढी. भिंती अशा की शेजारच्यांनी चमचा पाडला तरी इकडे कळायचं. त्यात वहिनींना अर्धशिशी. डोकं उठलं की पडदे ओढून पडायच्या आणि मग घरात कुणी पेपरचं पानसुद्धा उलटायचं नाही.

"म्हणजे अवघड केस आहे," मास्तर म्हणाले. "बघू. गुरुवारी सुट्टी ना तुम्हाला?"

गुरुवारी दोघं वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार मोठा उत्साही माणूस होता. त्याने पहिल्यांदा ट्रॉम्बोनच तिच्या हातात दिला. तिने नळी पुढे सरकवली आणि ती थेट काउंटरवरच्या दिव्याला जाऊन लागली.

"तुमच्या खोलीत याला भिंतच फोडावी लागेल," मास्तर म्हणाले.

"मग हे घ्या," दुकानदार म्हणाला आणि त्याने खेळण्याएवढा एक ट्रम्पेट काढला. नळ्यांची वेटोळी करून करून आखूड केलेला. "छोटं घर, छोटं वाद्य! बाहेर आवाज जाणारच नाही."

मास्तरांनी तो घेतला आणि जेमतेम फुंकला. रस्त्यावरून चाललेल्या दोघांनी वळून पाहिलं.

"आकार लहान आहे, तोंड नाही," ते म्हणाले. "काही माणसं असतात तशी."

दुकानदारच आधी हसला.

तिची नजर मोठ्या युफोनियमकडे गेली होती. दुकानदाराने ते फुंकून दाखवलं, त्याचा आवाज तिला आवडला, खोल आणि मऊ. मास्तरांनी मान हलवली. "मांडीवर घेऊन बसायला हे फार गोड. पण याचा आवाज दाबायचं बूच बादलीएवढं येतं, आणि तरीही आवाज जमिनीतून खालच्यांच्या घरात उतरतोच. तुम्हाला कॉर्नेटच. ट्रम्पेटसारखीच बोटं, पण नळी पुढे पुढे रुंदावत जाते, म्हणून आवाजाला धार कमी. अंगाजवळ धरता येतं. सुरुवातीला दम पुरतो. आणि याला छोटं म्यूट मिळतं. पुढच्या रुंद तोंडात घट्ट बसवलं की आवाज आतल्या आत."

शेल्फवर नवी चकचकीत कॉर्नेटं होती. मास्तरांनी खालच्या कप्प्यातलं एक जुनं काढलं. कडेला पोचा आलेला, लाखेचा रंग उडालेला. त्यांनी पिस्टन दाबले, कानाशी नेऊन ऐकले.

"हे. पोचा दिसायला आहे, आवाजात नाही. कुणीतरी मनापासून वापरलंय. तुम्ही वाजवून बघा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय फोटो काढून नेणार?"

तिने ओठ टेकवले. एक्केचाळीस वर्षं. आधी फुसकी हवा आली, मग म्हशीने हंबरावं तसं काहीतरी, आणि मग, कसा कोण जाणे, एक सूर. तो थोडाच वेळ टिकला. तिने वाद्य खाली केलं तेव्हा ओठ झिणझिणत होते आणि तिला दुकानदाराकडे बघवेना.

"हेच बांधा," मास्तर म्हणाले. "आणि ते बूच."

घरी वहिनींनी पेटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"वन्सं! अहो माझं डोकं..."

"वहिनी, तुम्ही आतल्या खोलीत पडा. मी माझ्या खोलीत वाजवते. त्रास झाला तर उद्याच परत करते."

दादा पेपर खाली करून बघत होता. "छोटी, तुला हे काय सुचलं?" त्रेपन्नाव्या वर्षीही ती त्याच्यासाठी छोटीच होती. "मी वाजवायचो शाळेत, आठवतंय?"

"आठवतंय," ती म्हणाली.

तिने दार लावलं, म्यूट बसवलं आणि दहा मिनिटं वाजवलं. मग दार उघडलं तर वहिनी बाहेर उभ्या.

"कधी सुरू करताय? मी केव्हाची वाट बघतेय."

"झालं की वाजवून."

"इश्श! एवढंच? यापेक्षा तुमच्या दादांचं घोरणं मोठं."

सगळे हसले आणि कॉर्नेट घरात राहिलं.

पुढचे पाच महिने तिला आयुष्यात कधी नव्हते असे गेले. सोमवारी आणि शुक्रवारी काम संपलं की मास्तर मागच्या खोलीत यायचे. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांसमोर दोघं समोरासमोर स्टुलांवर बसायची. "श्वास खांद्याने घेऊ नका, कमरेने घ्या." "गाल फुगवू नका, फुगे विकायचेत का?" एखादा सूर नीट लागला की ते आपलं कॉर्नेट उचलून त्याच सुराच्या खाली दुसरा सूर धरायचे, आणि ते दोन सूर एकत्र झाले की तिला छातीत काहीतरी उघडल्यासारखं व्हायचं. बाकीच्या दिवशी ती घरी म्यूट लावून सराव करायची. शुक्रवार यायला मंगळवारपासूनच उशीर व्हायला लागायचा. शुक्रवारी ती इस्त्रीचा कुर्ता घालून जायची. वहिनींनी एकदा फक्त एवढंच विचारलं, "आज शुक्रवार वाटतं?" आणि ती उगाचच कपबश्या विसळायला लागली.

मग मास्तर न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण दुसऱ्या शहरात राहणारी त्यांची मुलगी दुसऱ्याच दिवशी आली आणि म्हणाली, बाबा, आता एकटं राहणं पुरे. ती चांगली मुलगी होती. चूक काहीच बोलत नव्हती, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तर दवाखान्यात आले. काठी होती हातात.

"फोनवर शिकवेन," ते म्हणाले. "तुम्ही वाजवायचं, मी ऐकायचं."

"हो," ती म्हणाली. आणखी पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्याऐवजी तिने त्यांच्या कवळीला एकदा पॉलिश करून दिलं. तेवढा वेळ ते तिच्यासमोर ओठ मिटून बसून राहिले, म्हणून तेही काही बोलू शकले नाहीत.

सुरुवातीला फोन नेमाने चालले. ती म्यूटजवळ फोन ठेवून वाजवायची. पलीकडून ते म्हणायचे, "दुसरा सूर घाईने सोडलात." हळूहळू ते कमी बोलायला लागले. "छान. छान चाललंय." ती तेवढ्यावर आठवडा काढायची. मग एके दिवशी ती फोन म्यूटजवळ ठेवून माउथपीस ओठांना लावतच होती, एकही सूर फुंकला नव्हता, आणि पलीकडून आवाज आला, "छान, छान वाजवलंत."

ती तशीच बसून राहिली. वाद्य मांडीवर. फोनमधून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता.

घर शांत होतं. सात-आठ महिन्यांत तिने याच खोलीत आठ-दहा चाली बसवल्या होत्या आणि भिंतीपलीकडे एकही गेली नव्हती. हेच तर तिने मागितलं होतं. कुणाला त्रास न होता. आणि आता, ज्याने ऐकावं असं वाटत होतं त्यालाही ऐकू येत नव्हतं. तिने म्यूट उपसून काढलं, वाद्य खिडकीकडे केलं आणि छाती भरून घेतली. मग आतल्या खोलीतून वहिनींचा बारीक कण्हण्याचा आवाज आला. सकाळपासूनच त्यांचं डोकं उठलं होतं. तिने श्वास सोडून दिला.

गुरुवारी सकाळच्या बसने ती निघाली. साडेतीन तासांचा रस्ता. पेटी मांडीवरच ठेवली होती. कंडक्टर म्हणाला, "वर टाका की, मावशी." ती म्हणाली, "राहू दे."

मास्तरांच्या मुलीने दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. तिचं तान्हं बाळ नुकतंच झोपलं होतं.

"बाबांना आता ऐकू फार कमी येतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "यंत्र आणलंय, पण लावत नाहीत. म्हणतात, त्यातून सगळं पत्र्यासारखं वाजतं. कवळीही काढून ठेवलीये. तुमचा फोन आला की मात्र घालतात हं. फोनवर बोलायलासुद्धा."

मास्तर गॅलरीलगतच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. तिला बघून त्यांनी आधी घाईघाईने पाठ वळवली, ग्लासातली कवळी काढून तोंडात बसवली, आणि मग हसले. तीच फट, तोच आत वळलेला दात.

"सैल झालीये," ती मोठ्याने म्हणाली आणि लगेच बाळाच्या आठवणीने आवाज खाली आणला. मग लक्षात आलं, खालच्या आवाजात त्यांना कळणार नाही. तिने पर्समधून कागद काढून लिहिलं, 'हिरड्या बसल्यात. माप घेते. आतून भरून देते.'

मास्तरांनी वाचलं. "नको," ते म्हणाले. "आता मी वाजवत नाही. ऐकू न येता वाजवणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. होते, पण आपली वाटत नाही." मग चिठ्ठी खाली ठेवत म्हणाले, "फोनवर मी खोटं बोललो तुमच्याशी. फोन बंद होऊ नयेत म्हणून."

तिने मान हलवली. तिने पेटी उघडली, कॉर्नेट काढलं, म्यूट घट्ट बसवलं.

"वाजवा," मास्तर म्हणाले. "बघतो तरी. बोटं दिसतील."

तिने खालचा सूर धरला. खोलीत डास गुणगुणावा एवढाच आवाज. मास्तर तिच्या बोटांकडे बघत होते, मग ते पुढे वाकले आणि त्यांनी नळीवर हात ठेवला. म्यूटने अडवलेला सगळा आवाज पितळेत थरथरत होता. त्यांचे डोळे मिटले.

"थोडा खाली लागतोय," ते म्हणाले.

तिने ओठ आवळले. सूर वर सरकला.

"आता लागला."

तिच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, पण तिने सूर सोडला नाही. सोडला असता तर हात निघाला असता. दम संपेपर्यंत तिने तो धरला, मग पुन्हा श्वास घेतला आणि दुसरी चाल सुरू केली, मग तिसरी. मास्तर मध्येच म्हणायचे, "इथे घाई," "हा सोडा, हळू सोडा." एकदा त्यांनी नळीवर बोटाने ताल धरला. मग खुर्ची ओढून ते तिच्या बाजूला, जरा मागे बसले, उजवा हात पुढे आणून तिची बोटं अलगद उचलून बाजूला केली आणि पिस्टनवर स्वतःची ठेवली.

"तुम्ही नुसतं फुंका," ते म्हणाले.

तिने फुंकलं. पुढचा सूर कोणता येणार हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांची बोटं हलत होती आणि तिचा श्वास त्यांच्यामागून जात होता. चाल तिच्या ओळखीची नव्हती. कधीतरी बागेत, बाकावर बसलेल्या कुणासाठी ते ती वाजवत असतील, असं तिला वाटलं. त्याचं दुःख झालं नाही असं नाही. पण ती फुंकत राहिली.

शेजारच्या खोलीतून मुलगी डोकावली. "चहा ठेवू का? की आधी वाजवून घेताय?"

सूर थांबला नाही. मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, दार अलगद ओढून घेतलं आणि ती बाळाकडे गेली.

परतीची चारची बस निघून गेली होती. साडेपाचची होती अजून. तिने घड्याळाकडे बघितलं, मास्तरांनीही तिला बघताना पाहिलं आणि पिस्टनवरचा हात काढून घेतला.

"पुढचा गुरुवार?" त्यांनी विचारलं.

तिने चिठ्ठी ओढून घेतली आणि लिहिलं, 'दर गुरुवार.' मग त्याखाली जरा थांबून, 'आज अजून तासभर आहे.'

मास्तरांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला.